ट्रक कॅम्पर

ट्रक कॅम्पर : पिकअप ट्रकच्या हौद्यात चढवून नेण्याची, सुटी करता येणारी निवासी खोली. मुक्कामी चार कोपऱ्यांच्या जॅकवर ती उचलून धरली की ट्रक खालून मोकळा काढता येतो. तिला स्वतःची चाके नसतात, त्यामुळे यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ती वाहन नसून ओझे आहे. निवडीचे बहुतेक प्रश्न या एका गोष्टीतून उद्‌भवतात. ऑस्ट्रेलियात तिला ‘स्लाइड-ऑन’, तर ब्रिटनमध्ये ‘डिमाउंटेबल’ म्हणतात. भारतात परिचित असलेले ‘बोलेरो कॅम्पर’ हे मागे आसनांची दुसरी रांग असलेल्या पिकअपचे व्यापारी नाव आहे. प्रस्तुत नोंदीशी त्याचा संबंध नाही.

उगमाविषयी मतभेद आहेत. फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये मॉडेल टी गाडी कारखान्यातूनच हौद्यासह विकायला काढली. मात्र मोटारीच्या चासीवर घरवजा सांगाडा बांधण्याची हौस त्याआधीची आहे. अशा सांगाड्यांना कॅम्पर म्हणायचे ठरवले, तर उगम विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत मागे जातो. पण ते सांगाडे चासीला कायमचे जखडलेले असत. ‘सुटी होणारी खोली’ ही कसोटी लावली, तर काळ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस येऊन ठेपतो आणि तेथे दोन दावे समोर येतात : कॅलिफोर्नियातील टॉरन्स येथील वॉल्टर किंग यांचा (सुमारे १९४४) आणि मिशिगनमधील मार्सेलस येथील क्री यांच्या ‘ट्रक कोच’चा (सुमारे १९४५). दोन्ही तारखा मुख्यतः नंतरच्या कथनांवर आधारलेल्या असल्याने वर्षभराच्या फरकावरून अग्रमान ठरवणे धाडसाचे आहे. युद्धोत्तर काळात पिकअप स्वस्त आणि मुबलक झाले, तेव्हा ही कल्पना एकाहून अधिक ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रसाराची कारणे मात्र स्पष्ट आहेत. अलास्का महामार्ग १९४२ मध्ये लष्कराने बांधला आणि १९४८ मध्ये तो सर्वसामान्यांना खुला झाला. तेथील लांब, कच्च्या प्रवासासाठी छप्पर खाली-वर होणारा ‘अलास्कन’ कॅम्पर १९५० च्या दशकात पुढे आला. मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पाचा महामार्ग १९७३ मध्ये पूर्ण होईपर्यंत तिकडेही अशाच गाड्यांचा वावर होता. १९६० मध्ये अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक यांनी ज्या कॅम्परमधून अमेरिका पालथी घातली, तो ‘रोसिनान्ते’ कॅलिफोर्नियातील सॅलिनासच्या संग्रहालयात आहे.

आडवाटेच्या प्रवासासाठी ट्रक व कॅम्पर यांची जोडी जमवताना आधी ट्रक घ्यायचा आणि मग त्यात बसेल असा कॅम्पर शोधायचा, असा प्रघात आहे. तो उलटा असावा : आधी कॅम्पर ठरवावा आणि मग त्याचे वजन पेलेल असा ट्रक घ्यावा. ट्रकची भारक्षमता म्हणजे उत्पादकाने ठरवलेले कमाल एकूण वजन वजा गाडीचे प्रत्यक्ष वजन. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाडीवर चालकाच्या दाराच्या चौकटीपाशी प्रवासी आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते चिकटपट्टीवर छापलेले असते. एकाच नावाच्या दोन ट्रकांत ते इंजिन, केबिन व चार चाकांची चालना यांनुसार शेकडो किलोंनी वेगळे निघू शकते. ‘अर्धा टन’, ‘पाऊण टन’, ‘एक टन’ ही भारक्षमतेवरून पडलेली ट्रकांची वर्गनावे आता केवळ परंपरेने उरली आहेत.

कॅम्परच्या माहितीपत्रकातले ‘कोरडे’ वजन त्याहून फसवे असते. त्यात पाणी, गॅस आणि बऱ्याचदा बॅटरी किंवा वातानुकूलन यंत्रही धरलेले नसते. उदाहरणादाखल, १,५०० किग्रॅ. क्षमतेच्या ट्रकवर ९०० किग्रॅ. कोरड्या वजनाचा कॅम्पर घेतला : दोन माणसे १५०, पाणी ११०, गॅसच्या दोन भरलेल्या टाक्या ३४, जोडयंत्रे १००, शिधा-कपडे-भांडी १५०. बेरीज १,४४४ होते. कागदावर ६०० किलोंची चैन होती, हाती ५६ उरले. त्यातून जॅक आणि बांधणीचे पट्टे अजून वजा व्हायचे आहेत. मागच्या स्प्रिंगांना जादा पाटे घातले किंवा हवेच्या पिशव्या बसवल्या, तर गाडी झुकत नाही. पण अनुज्ञेय वजन तसूभरही वाढत नाही, कारण आस, टायर आणि ब्रेक तेच राहतात. ऑस्ट्रेलियात ही मर्यादा प्रमाणित फेरफार करून कायदेशीररीत्या वाढवून घेता येते.

दुसरा मुद्दा कॅम्परच्या गुरुत्वमध्याचा, म्हणजे त्याचे वजन ज्या बिंदूवर तोलले जाते त्याचा. तो मागील आसाच्या किंचित पुढे पडला पाहिजे. आसांतील अंतर ३·६ मी. असलेल्या ट्रकवर १,००० किलोंच्या कॅम्परचा गुरुत्वमध्य मागील आसापुढे १५ सेंमी. असेल, तर पुढच्या आसावर सुमारे ४२ किलो भार वाढतो. तोच मागील आसाच्या ३० सेंमी. मागे पडला तर पुढचा आस ८३ किलोंनी हलका होतो, मागच्यावर १,०८३ किलो पडतात आणि चढावर सुकाणू सैल वाटू लागते. आठ फुटी हौद्यासाठी बांधलेला कॅम्पर आखूड हौद्यात फाळका काढून बसवला की नेमके हेच घडते. अमेरिकेच्या संघीय नियमांनुसार ट्रकच्या उत्पादकाला गुरुत्वमध्याची अशी सीमा दाखवावी लागते. ग्राहक ती क्वचितच पाहतात. मागे लोंबणारा भाग ओढ्याच्या काठाला घासतो, ही वेगळी अडचण.

कॅम्परचे ढोबळ प्रकार दोन : ताठ भिंतींचा आणि छप्पर वर उचलणारा, कापडी भिंतींचा. दुसरा हलका, ठेंगणा आणि झाडांच्या फांद्यांखालून जाणारा, म्हणून खडकाळ वाटांसाठी सामान्यतः तोच पसंत करतात. मात्र थंडीत त्याच्या कापडावर दहिवर धरते. आणि अमेरिकेच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील फिशिंग ब्रिज येथील तळावर ग्रिझली अस्वलांमुळे केवळ ताठ भिंतींच्या वाहनांना परवानगी आहे.

खाचखळग्यांत चासी पिळवटते, खोली मात्र ताठ राहू पाहते; तो ताण बांधणीच्या खिळींवर आणि हौद्याच्या पत्र्यावर येतो. म्हणून पट्टे हौद्याऐवजी चासीला बांधणे श्रेयस्कर. मर्सिडीज-बेंझच्या ऊनिमॉग या आडवाटेच्या ट्रकसारख्या मुद्दाम लवचिक केलेल्या चासीवर खोली तीन बिंदूंवर टेकवलेल्या उपचासीवर ठेवतात.

भारतात टोयोटा हायलक्स (२०२२) आणि इसुझू व्ही-क्रॉस यांसारखे पिकअप मिळतात. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत. मोटर कॅरव्हॅनसाठी (चाकांवरचे, स्वयंचलित घर) एआयएस-१२४ हे वाहनउद्योग मानक असून ही मानके पुण्याची एआरएआय ही वाहन-संशोधन संस्था प्रसिद्ध करते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण मंजूर केले.