माहितीपटातली मुलगी किती वर्षांची? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

बालकांच्या लैंगिक तस्करीवरचा एखादा माहितीपट खरा की रचलेला, असा वाद कुठेही पेटला तरी नागपुरात बोलणे शेवटी गंगा-जमुनावर, म्हणजे शहरातल्या देहविक्रीच्या जुन्या वस्तीवर, येते. एक बाजू म्हणते, मुलींना पढवून कॅमेऱ्यापुढे बसवले. दुसरी म्हणते, शंका काढणारे दलालांच्या फायद्याचे बोलतात. दोन्ही बाजूंचा राग समजण्यासारखा आहे. पण हा वाद इथे जन्मला नाही, आणि तो एका माहितीपटापुरता कधीच नव्हता.

मागचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. देहविक्रीसाठी होणारी तस्करी रोखण्याच्या १९५६ च्या मूळ कायद्यात एकवीस वर्षांखालची ती ‘मुलगी’ होती. १९८६ च्या दुरुस्तीने सोळाखालचे ते बालक आणि सोळा ते अठरा ते अल्पवयीन अशी विभागणी केली, आणि हाच कायदा आज ‘पिटा’ म्हणून ओळखला जातो. १९८८ साली एका पाक्षिकातल्या लेखावरून देहविक्री करणाऱ्या स्त्रियांच्या मुलांबद्दल सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. १९९६ च्या फेब्रुवारीत मुंबईत मोठे छापे पडले, चारशेहून अधिक मुली-बायका बाहेर काढल्या गेल्या, त्यात नेपाळच्या पुष्कळ होत्या. त्याच दशकात परदेशी कॅमेरे कामाठीपुऱ्यात शिरले. ‘नेपाळमधून वर्षाला पाच ते सात हजार मुली भारतात विकल्या जातात’ हे वाक्य तेव्हापासून निवेदनांत फिरत राहिले. त्या आकड्याला पुरेसा आधार नाही, असे अभ्यासकांनी पुढे दाखवूनही ते थांबले नाही.

अशा चित्रणांवरच्या विश्वासाला खरा तडा गेला तो कंबोडियातल्या प्रकरणाने. १९९८ साली फ्रेंच टीव्हीवर एक किशोरवयीन मुलगी बोलली: हॉटेलात कामाचे आमिष दाखवले आणि कुंटणखान्यात पोचवले. त्या चित्रणामुळे तिथली एक संस्था जगभर गाजली, देणग्यांचा ओघ सुरू झाला. २०१३ साली तीच मुलगी, आता मोठी झालेली, तिथल्या एका दैनिकाला म्हणाली की ती गोष्ट तिची नव्हतीच, तिच्याकडून पाठ करून घेतली होती. २०१४ च्या मे महिन्यात एका अमेरिकी साप्ताहिकाने संस्थेच्या संस्थापिकेच्या स्वतःच्या आयुष्यकथेवरही प्रश्न उभे केले आणि तिने पद सोडले. तिने आरोप मान्य केले नाहीत, तिची बाजू नंतर दुसऱ्या एका मासिकात आलीही. तोवर कंबोडियात ज्या मुली खरोखर विकल्या गेल्या होत्या, त्यांच्या बोलण्याकडेही लोक संशयाने बघू लागले होते. खोट्या चित्रणाचे सर्वात मोठे नुकसान मला हेच वाटते, आणि ते भरून काढायला कोणी येत नाही.

कोलकात्याच्या सोनागाची या देहविक्रीच्या वस्तीतल्या मुलांवरच्या माहितीपटाला २००५ साली ऑस्कर मिळाले, तेव्हाचा आक्षेप वेगळा होता. प्रसंग खोटे आहेत असे कोणी फारसे म्हणत नव्हते. आया वाईट दिसाव्यात अशी निवड केली आणि वस्तीतल्या बायकांनी स्वतः उभे केलेले काम गाळले, ही तक्रार होती. जर्मनीत २०२१ साली एका गाजलेल्या माहितीपटातल्या स्त्रिया दुसऱ्यांच्या भूमिका करत होत्या हे उघड झाले आणि दिग्दर्शिकेने पुरस्कार परत केला. ते प्रौढांचे प्रकरण, म्हणून इथे एवढेच.

आता वयाकडे येऊ, कारण माझ्या मते निम्मे वाद तिथेच अडकलेले असतात.

निवेदक सांगतो, ‘ही चौदा वर्षांची’. हे वय आले कुठून? छापा पडला की सुटका झालेल्या मुलीला बालकल्याण समितीपुढे नेतात. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम ९४ क्रम ठरवून देते: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी, तीही आदेशापासून पंधरा दिवसांत. आधारवरची तारीख वयाचा पक्का पुरावा धरत नाहीत. बालाघाट-छिंदवाड्याकडची किंवा त्याहून लांबची पोर असेल, कधी शाळेत गेलीच नसेल, तर कागद आणायचा कुठून? मग तिला मेयो किंवा मेडिकल या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांत नेतात. कोपर, मनगट आणि कमरेच्या हाडाची कड यांचे एक्स-रे निघतात, दातही बघतात. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी कूर्चा असते, ती हळूहळू हाडात मिसळते: कोपराची आधी, मनगटाची नंतर, कमरेच्या कडेची सगळ्यात शेवटी. कुठली मिसळली आणि कुठली बाकी आहे, यावरून डॉक्टर अंदाज लिहितात. नेमके वय ते देत नाहीत, ‘चौदा ते सोळा’ असा पट्टा देतात. लहानपणापासून अर्धपोटी राहिलेल्या मुलीची हाडे मागे पडलेली असू शकतात, ते वेगळेच.

त्या पट्ट्याचे पुढे काय होते ते बघा. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच म्हटले होते की अशा तपासणीत दोन्हीकडे दोन वर्षांची चूक असू शकते. जुलै २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितले की पोक्सोच्या, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याखालच्या, खटल्यात पट्ट्याचे वरचे टोक धरावे, त्यात दोन वर्षे मिळवावीत आणि संशयाचा फायदा आरोपीला द्यावा. म्हणजे ‘चौदा ते सोळा’ असा अहवाल असेल तर सोळा अधिक दोन, अठरा. पडद्यावर चौदाची असलेली मुलगी या हिशेबाने बालक राहतच नाही. यात दिग्दर्शक खोटे बोललेला नसतो, डॉक्टरही नाही. आरोपीला शंकेचा फायदा हवाच, हे मला मान्य आहे. पण मग ‘कोर्टाने तिला सज्ञान धरले, म्हणजे माहितीपट खोटा’ हा युक्तिवाद टिकत नाही, तो निकालातून जे निघत नाही ते काढतो.

शिवाय वय दोन्हीकडून वाकवले जाते. मालकीण मुलीला पहिल्या दिवसापासून शिकवते, विचारले तर एकोणीस सांगायचे, आणि तसे कागदही करून ठेवते. उलट चित्रीकरण करणाऱ्याला वय जितके कमी तितकी गोष्ट धारदार वाटते. या दोघांच्या मध्ये सापडलेल्या मुलीला आपली जन्मतारीख ठाऊक नसते, ‘भाऊ झाला तेव्हा मी एवढी होते’ इतकेच ती हात खाली धरून सांगते. प्रामाणिक माहितीपटाने निवेदनात हाच हात दाखवावा, आकडा नको.

नागपुरात हा प्रश्न ऑगस्ट २०२१ मध्ये थेट रस्त्यावर आला. शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून दोनशे मीटरच्या आतले ठिकाण म्हणून पिटाच्या कलम ७ खाली गंगा-जमुना बंद करण्याचा आदेश निघाला, गल्ल्यांच्या तोंडाशी बॅरिकेड्स लागले. कोरोनाने आधीच उपासमार झालेल्या बायका रस्त्यावर उतरल्या, तर परिसरातले रहिवासी आदेशाच्या बाजूने उभे राहिले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेले. अल्पवयीन मुलींना आणले जाते, हे बंदीच्या बाजूचे एक मुख्य कारण. इथे सगळ्या सज्ञान आहेत, हे वारांगनांचे उत्तर. या शहरात दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही रेल्वेमार्ग एकमेकांना छेदतात, त्यामुळे मुली इथे उतरवल्या जातात किंवा इथून पुढे नेल्या जातात ही भीती निराधार नाही. पण भीती एका गल्लीवर लादून तिथल्या प्रत्येक घरात विकलेले मूल बघणे हा अन्यायच आहे, आणि तो अन्याय कॅमेऱ्याने वारंवार केला आहे.

पुढे मे २०२२ मध्ये, एका वेगळ्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. वस्तीत किंवा देहविक्री करणाऱ्या बाईसोबत मूल राहताना आढळले म्हणून ते तस्करीचेच आहे असे गृहीत धरू नये, आणि केवळ आईच्या व्यवसायामुळे त्याला तिच्यापासून तोडू नये, असे त्यात आहे. छाप्यात सापडलेल्या स्त्रियांची ओळख माध्यमांनी उघड करू नये, हेही. दारात दप्तर घेऊन उभ्या असलेल्या पोरीचा शॉट घेऊन त्यावर ‘हिचे भविष्य ठरलेले आहे’ असे निवेदन टाकायचे, हा सोपा मार्ग आहे. त्या आदेशानंतर त्याचे समर्थन करता येत नाही.

राहता राहिले चेहरे. पोक्सोचे कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचे कलम ७४ यांमुळे मुलाचे नाव, चेहरा, शाळा, पत्ता काहीच दाखवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. परिणाम असा की प्रेक्षकाकडे पडताळायला काही उरत नाही. चेहरा झाकलेला, आवाज बदललेला, कधी मुलीच्या जागी सज्ञान अभिनेत्री. यातले काहीही गैर नाही, पडद्यावर ‘हा प्रसंग पुन्हा उभा केला आहे’ असे स्पष्ट लिहिले असेल तर. ती ओळ गाळली की पुढच्या खऱ्या प्रसंगावरही कोणी विश्वास ठेवत नाही. खटला उभा राहतो तेव्हा कॅमेऱ्यापुढचे बोलणे आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब यांतली प्रत्येक तफावत बचाव पक्षाचा वकील न्यायालयामार्फत त्या मुलीपुढे ठेवू शकतो. उत्तर तिलाच द्यावे लागते, माहितीपट करणाऱ्याला नाही. म्हणून मुलीचा जबाब नोंदवून होण्याआधी तिचे कथन चित्रित करायचे की नाही, हा निर्णय माहितीपट करणाऱ्याने एकट्याने घेऊ नये. बालकल्याण समितीला आणि खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलाला आधी विचारले पाहिजे.