रिस्टार्टनंतर कॅशे रिकामी होणे

वेब सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्यावर कॅशेत (वारंवार लागणारी माहिती झटपट मिळावी म्हणून ठेवलेल्या तात्पुरत्या साठ्यात) साठवलेली माहिती नाहीशी होण्याचा प्रकार. असे झाले की प्रत्येक मागणी थेट डेटाबेसवर जाऊन आदळते आणि पाने रेंगाळत उघडतात. लॉगिनची सेशन्स (कोण लॉगिन आहे याच्या नोंदी) कॅशेतच असतील, तर सगळ्यांना पुन्हा लॉगिन करावे लागते.

आधी माहिती खरोखर गेली की नुसती सापडेनाशी झाली, हे पाहावे. नव्या आवृत्तीत कीचा (नोंद ज्या नावाने साठवली जाते त्या नावाचा) प्रिफिक्स, म्हणजे सुरुवातीचा भाग, बदलला असेल, तर जुन्या नोंदी जागेवर असूनही हाती लागत नाहीत. रिस्टार्टच्या आधी आणि नंतर की मोजल्या की हे लगेच कळते.

मग कॅशे राहते कुठे, हे शोधायचे. जँगो या पायथनमधल्या वेब फ्रेमवर्कची मूळ कॅशे प्रोसेसच्या (चालू प्रोग्रामच्या) स्वतःच्या मेमरीत असते. प्रोसेस संपली की तीही संपते. हा बिघाड नाही, तिची घडणच तशी आहे. इथे सेटिंग चाळत बसू नये, कॅशे वेगळ्या प्रोसेसमध्ये हलवावी. ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांनी २००३ मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगच्या साइटसाठी लिहिलेला मेमकॅश्ड हा कॅशे सर्व्हर असा वेगळा चालतो. वेब सर्व्हर रिस्टार्ट झाल्याने त्याला धक्का लागत नाही, पण तो स्वतः बंद पडला की सारे पुसले जाते.

डिस्कवरची कॅशे हरवते तेव्हा माणूस जास्त गोंधळतो. लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या 'प्रायव्हेट टेम्प' सोयीमुळे सेवेला स्वतःचे वेगळे टेम्प (तात्पुरत्या फाइलींचे) फोल्डर मिळते आणि सेवा थांबताच त्यातल्या फाइली पुसल्या जातात. डेबियन लिनक्सवरच्या अपाची या वेब सर्व्हरला ही सोय मुळातच लागू असते. टर्मिनलवरून नेहमीच्या टेम्पमध्ये पाहिले तर त्या फाइली दिसतही नाहीत, म्हणून शोध भलतीकडेच भरकटतो. 'रीलोड'ने (सेवा न थांबवता सेटिंग पुन्हा वाचल्याने) कॅशे टिकते आणि 'रिस्टार्ट'ने जाते, अशी खूण दिसली तर पहिला संशय इथेच घ्यावा. उपाय सोपा आहे: कॅशे 'व्हार'खालच्या 'कॅशे' फोल्डरात न्यावी.

रेडिस हा मेमरीत माहिती ठेवणारा डेटाबेस, कॅशे म्हणूनही वापरला जाणारा, डिस्कवर लिहितो, तरी तो प्रत्येक बदल लगेच लिहीत नाही. मूळ सेटिंगनुसार तासाभरात १, पाच मिनिटांत १०० किंवा मिनिटात १०,००० बदल झाले की स्नॅपशॉट, म्हणजे साऱ्या माहितीची डिस्कवरची प्रत, निघतो. प्रोसेस जबरदस्तीने मारली किंवा वीज गेली, तर शेवटच्या स्नॅपशॉटनंतरचे बदल बुडतात. स्नॅपशॉटची जागा डीफॉल्टने रेडिस ज्या फोल्डरातून सुरू केला तेच फोल्डर असते. रेडिस दुसऱ्या फोल्डरातून सुरू केला तर जुनी फाइल शाबूत असूनही तो रिकामा उठतो. प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात (कंटेनरमध्ये) चालवणाऱ्या डॉकरमध्ये व्हॉल्यूम, म्हणजे कंटेनरबाहेरची टिकाऊ साठवण, न जोडता कंटेनर नव्याने बनवला, तरी हाच अनुभव येतो.

सर्वांत महागडी चूक मात्र दुरुस्तीच्या नादात होते. टिकाऊपणा वाढावा म्हणून कॉन्फिग फाइलमध्ये एओएफ (प्रत्येक बदल क्रमाने नोंदवणारी फाइल) चालू करून रेडिस रिस्टार्ट केला, तर तो स्नॅपशॉट न वाचता एओएफ शोधतो, ती अजून तयारच नसते आणि रेडिस रिकामा उठतो. म्हणून एओएफ आधी चालत्या रेडिसवर कमांडने सुरू करावी, ती पूर्ण लिहिली जाऊ द्यावी आणि नंतरच कॉन्फिग फाइलला हात लावावा.