बोहाडा मुखवटे

पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा परिसरात आणि लगतच्या नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात बोहाडा या रात्रीच्या उत्सवात घालायचे मुखवटे. वारली, कोकणा, महादेव कोळी इ. जमाती उत्सवात भाग घेतात. काळ साधारणपणे होळीनंतरचा, मुख्यतः चैत्र-वैशाख. गौरीचा किंवा खंडोबाचा मुखवटा पूजेत मांडतात. बोहाड्याचा मुखवटा मात्र पुजून तोंडावर बांधतात. स्थानिक बोलीत त्याला ‘सोंग’ म्हणतात. मुखवटा, भूमिका आणि ती घेऊन नाचणारा माणूस, तिन्हींना हा एकच शब्द चालतो. प्रमाण मराठीतली ढोंगाची छटा त्यात नाही.

व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. ‘भोवाडा’ असेही रूप आढळते. ते ‘भोवणे’ (गोल फिरणे) या क्रियापदाशी जोडले, तर ‘भो’मधील महाप्राण (‘ह’चा उच्चार) पुढे सरकून ‘बोहाडा’ झाला असे मानता येते. संबळाच्या ठेक्यावर गिरक्या घेत पुढे सरकण्याच्या नाचाशी ते जुळते. ‘बहुरूप’ शब्दाशी नाते लावणे अर्थाला सोयीचे असले, तरी त्यातील ‘रूप’ कुठे गेले याचा उलगडा होत नाही. उगमाबाबतही दोन दिशांनी विचार होतो. गणपती, शारदा, नरसिंह, रावण अशी सोंगे पाहून काहीजण दशावतारी परंपरेचा प्रभाव मानतात. पेरणीआधीच्या जुन्या ग्रामदेवता-विधीवर पौराणिक कथा नंतर चढल्या असाव्यात, हे मत अधिक संभाव्य वाटते. निश्चित कालनिर्णय होत नाही. मुखवट्यांवर वेळोवेळी रंगाचा नवा हात फिरतो, त्यामुळे रंगावरून वय ठरवणे फसवे असते.

जुने मुखवटे लाकडी, म्हणून वजनदार. पुढे कागदाच्या लगद्याचे मुखवटे रुळले. लगद्यात चिकटपणासाठी चिंचोक्याची खळ, मेथीची पूड घालतात. सुकल्यावर रंग देतात. दहा तोंडांचा रावण आडवा इतका पसरतो की नाचणाऱ्याला तो हातांनी सावरत, अंग तिरके करून गर्दीतून वाट काढावी लागते. स्त्रीदेवतांची सोंगेही परंपरेने पुरुषच घेतात. अनेक गावांत ठरावीक सोंगाचा मान ठरावीक घराण्याकडे असतो. काही ठिकाणी त्यासाठी लिलावात बोली लागते. आरंभ गणपतीने होतो. पूर्वी टेंभ्यांचा उजेड असे. पहाटे जगदंबा-महिषासुराच्या झुंजीने सांगता होते.

जव्हार संस्थान 1948 मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले; जव्हार मुंबईपासून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. तरी मुंबईकराची गाठ बहुधा हस्तकला प्रदर्शनात टांगलेल्या मुखवट्याशीच पडते. तो उलटा करून पाहावा. डोळ्यांना आरपार भोके नसतील आणि कडेला दोरी ओवायची सोय नसेल, तर तो भिंतीसाठीच घडवलेला आहे. जव्हारकडे त्याला कोणी सोंग म्हणणार नाही.