ग्रह, जप आणि मानेतील धमनी

ज्योतिष, अध्यात्म आणि विज्ञान हे मूलतः एकच असून तिन्हींचा संगम साधला की मानवाचे कल्याण होईल, असे विधान व्याख्यानांत, शिबिरांच्या माहितीपत्रकांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत वारंवार आढळते. त्यामागच्या तळमळीबद्दल मला आदर आहे, कारण आजारपण, नोकरीची चिंता किंवा मुलांची लग्ने यांनी गांजलेल्या माणसाला आधार हवाच असतो. परंतु एखाद्या गोष्टीचे नाते विज्ञानाशी जोडले की ती पडताळून पाहण्याची जबाबदारीही अंगावर येते. अशी पडताळणी ज्योतिषाची झालेली आहे, जप आणि प्राणायाम यांचीही झालेली आहे, आणि दोन्हींतून निघालेले निष्कर्ष इतके भिन्न आहेत की त्यांना एका माळेत ओवता येत नाही.

ज्योतिषाच्या बाजूने हमखास पुढे येणारा युक्तिवाद भरती-ओहोटीचा असतो. चंद्र समुद्र हलवतो, मग निम्म्याहून अधिक पाणी असलेल्या मानवी देहावर त्याचा परिणाम का होणार नाही, असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर पाण्यात नसून अंतरात आहे. पृथ्वीची चंद्राकडील बाजू आणि विरुद्ध बाजू यांच्यात सुमारे १२,७०० किलोमीटरचे अंतर असल्यामुळे दोन्हींवरील चंद्राच्या ओढीत फरक पडतो आणि त्या फरकातून भरती येते. माणसाच्या डोक्यापासून पायापर्यंतचे अंतर दोन मीटरहून कमी असते. तेवढ्या अंतरात चंद्राच्या ओढीत पडणारा फरक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तीस-लाख-कोटीव्या भागाइतका भरतो. विहिरीला किंवा गावतळ्याला भरती येत नाही, त्याचे कारणही हेच आहे.

कारण सापडत नसले तरी भाकीत खरे ठरत असेल, तर विज्ञानाला त्याची दखल घ्यावीच लागेल. म्हणून २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी केलेली चाचणी महत्त्वाची ठरते. शाळांतील हुशार विद्यार्थी शंभर आणि मतिमंद मुले शंभर अशा दोनशे जणांच्या जन्मवेळा व जन्मस्थळे मिळवून त्यांच्या कुंडल्या तयार करण्यात आल्या. चाचणीत उतरलेल्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांपैकी चाळीस कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील आहे एवढेच सांगायचे होते. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांच्या अचूक उत्तरांची सरासरी चाळीसपैकी १७.२५ आली. नाणे उडवून उत्तरे दिली असती, तर सरासरी वीसच्या आसपास आली असती. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची चोवीस उत्तरे बरोबर आली होती. येथे संख्याशास्त्राची एक बारीक गोष्ट लक्षात घ्यावी. सत्तावीस माणसांनी प्रत्येकी चाळीस वेळा नाणे उडवले, तर चोवीस किंवा त्याहून अधिक अचूक अंदाज त्यांच्यातील तीन-चार जणांना केवळ योगायोगाने गाठता येतात. एका ज्योतिष संस्थेने सर्व दोनशे कुंडल्या तपासल्या, त्यांतील १०२ उत्तरे बरोबर निघाली. हे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

‘पण मला तर अनुभव आला आहे’ हे म्हणणे खोटेपणाचे नसते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांना स्वभाववर्णन म्हणून एकच मजकूर वाटला. तो आपल्याला कितपत लागू पडतो, यासाठी विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. सहानुभूतीने बोललेली सर्वसाधारण वाक्ये माणूस स्वतःच्या आयुष्याने भरून काढतो. त्यातून मिळणारा दिलासा खरा असतो, परंतु कुंडलीतून नेहमी दिलासाच मिळतो असे नाही. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असेल तर ती व्यक्ती मंगळी, असे मानले जाते. बारा लग्ने, म्हणजे पूर्व क्षितिजावरील राशी, चोवीस तासांत क्रमाने उगवतात आणि स्थाने लग्नापासून मोजली जातात, तेव्हा कोणताही दिवस घेतला तरी त्यातील सुमारे दहा तासांत जन्मलेली सर्व बालके मंगळी ठरतात. अपवादांचे नियम मागाहून लावले तरी जवळजवळ चाळीस टक्के माणसांना आधी दोषी ठरवणारी ही रीत आहे, आणि तिच्यामुळे मुलींची स्थळे आजही मोडतात. मानवी कल्याणाची भाषा बोलणाऱ्यांनी या हानीचाही हिशेब मांडला पाहिजे.

अध्यात्मिक साधनेची पडताळणी मात्र महाराष्ट्रातच, शंभर वर्षांपूर्वी, आस्थेने आणि शिस्तीने सुरू झाली. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. नौलीच्या, म्हणजे पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याच्या क्रियेच्या, वेळी मोठ्या आतड्यात दाब किती घटतो, हे त्यांनी दाबमापकाने मोजले आणि त्या अंशतः निर्वात स्थितीला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे, नाव दिले. एकाच माणसाच्या ठायी गुरुभक्ती आणि दाबमापक दोन्ही नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

याच वाटेवरचा, पण इटलीत झालेला एक प्रयोग मला विशेष प्रिय आहे. लुचियानो बेर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी २३ निरोगी व्यक्तींना एकदा जपमाळेवरील ‘आवे मारिया’ ही ख्रिस्ती प्रार्थना लॅटिनमधून म्हणायला लावली आणि एकदा ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा बौद्ध मंत्र जपायला लावला. दोन्ही वेळी श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली आणि रक्तदाबाच्या एका प्रतिक्षिप्त क्रियेची संवेदनशीलता ९.५ वरून ११.५ वर गेली. या आकड्यांचा अर्थ समजण्यासाठी मानेतील धमनीपर्यंत जावे लागेल.

जबड्याच्या कोनाखाली, जेथे बोट ठेवले की नाडी लागते, तेथे मेंदूकडे रक्त नेणारी धमनी दुभागते. त्या जागी धमनीच्या भिंतीत ताण ओळखणारी चेताग्रे, म्हणजे मज्जातंतूंची टोके, असतात आणि तशीच ती हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीतही असतात. रक्तदाब वाढला की भिंत ताणली जाते, त्याची वार्ता नवव्या आणि दहाव्या मस्तिष्क चेतांमधून मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेकडे पोहोचते आणि तेथून दोन मार्गांनी आज्ञा सुटतात. पहिला मार्ग व्हेगस या चेतेचा असून तो एका सेकंदाच्या आत हृदयाचे ठोके मंद करतो. दुसरा मार्ग अनुकंपी चेतासंस्थेचा आहे. तो रक्तवाहिन्यांचा आवळ सैल करतो, पण त्याला काही सेकंद लागतात. या विलंबामुळे दाब दुरुस्त होता होता थोडा जास्तच उतरतो, मग पुन्हा चढतो, आणि अशा रीतीने रक्तदाबात सुमारे दहा सेकंदांची एक लय कायम चालू राहते. झिगमुंड मायर यांनी १८७६ मध्ये तिचे वर्णन केले, म्हणून या लहरी त्यांच्या नावाने ओळखल्या जातात. दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढला असता दोन ठोक्यांतील अंतर किती मिलिसेकंदांनी वाढते, हे या क्रियेच्या संवेदनशीलतेचे माप आहे आणि वर दिलेले ९.५ व ११.५ हे आकडे त्याच मापातील आहेत.

आता श्वासाकडे वळू. श्वास आत घेताना छातीतील दाब घटतो, शिरांमधून हृदयाच्या उजव्या बाजूकडे अधिक रक्त ओढले जाते आणि ठोके किंचित जलद होतात. श्वास सोडताना ते पुन्हा संथावतात. एरवी आपण मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वसन करतो, त्यामुळे श्वासाची लय आणि दाबाची दहा सेकंदांची लय यांचा मेळ बसत नाही. श्वास मिनिटाला सहावर आला की एका श्वासाला बरोबर दहा सेकंद लागतात आणि दोन्ही लयी जुळतात. झोका मागे येऊन वळतो त्याच क्षणी हलका हात लावला की तो दरवेळी अधिक उंच जातो, तसा हृदयाच्या गतीचा चढउतार येथे वाढत जातो. भौतिकशास्त्रात यालाच अनुस्पंदन म्हणतात. प्रत्येक श्वासागणिक त्या प्रतिक्षिप्त क्रियेला पूर्ण पल्ल्याचा व्यायाम मिळतो.

हा व्यायाम गौण नाही. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या रुग्णांपैकी ज्यांची ही संवेदनशीलता ३ पेक्षा कमी होती, त्यांना मृत्यूचा धोका बराच अधिक असल्याचे दिसले होते. बेर्नार्दी यांच्याच गटाने २००५ मध्ये उच्च रक्तदाबाच्या वीस रुग्णांना मिनिटाला सहा श्वास घ्यायला लावले, तेव्हा वरचा रक्तदाब सरासरी १५० वरून १४१ पर्यंत उतरला. हा तात्काळ परिणाम आहे. त्याच्या भरवशावर कोणीही औषधे बंद करू नयेत.

प्राणायामाने रक्तात ‘भरपूर प्राणवायू’ जातो, हे लोकप्रिय स्पष्टीकरण येथे सोडून द्यावे लागते, कारण निरोगी माणसाच्या धमन्यांतील हिमोग्लोबिन आधीच सुमारे ९७ टक्के प्राणवायूने भरलेले असते. मंत्राक्षरांतील गूढ कंपने किंवा पुंजभौतिकी (क्वांटम फिजिक्स) यांचा आधार घेण्याचीही गरज नाही. लॅटिन प्रार्थना आणि बौद्ध मंत्र यांची भाषा, देवता आणि परंपरा वेगळ्या असूनही परिणाम एकच आला, कारण दोन्हींच्या एका आवर्तनाला जवळपास सारखाच वेळ लागतो. भक्ताला जपातून जे मिळते ते एवढ्याने संपते, असे मी म्हणणार नाही. श्रद्धेचा अर्थ मिलिसेकंदांत मोजायचा नसतो. पण जो भाग मोजता आला, त्यात जन्मवेळेचा, राशीचा किंवा दशेचा कोठेही संबंध आला नाही. प्रत्येक माणसाची जुळणारी गती थोडी निराळी असते, साधारणपणे मिनिटाला साडेचार ते साडेसहा श्वास, आणि ती त्याच्या शरीरावर अवलंबून असते.

तरीही ज्योतिष आणि साधना यांचा संबंध आहेच, असे ज्यांना प्रामाणिकपणे वाटते, त्यांच्यासाठी एक सोपी चाचणी सुचवता येते. साधकांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एका गटाने पंचांगातील शुभ मुहूर्तावर, तर दुसऱ्याने एरवीच्या वेळी, पण दिवसाच्या त्याच प्रहरात, संथ श्वसन करावे. दोन्ही गटांना आपापली वेळ शुभ असल्याचेच सांगावे. दोन्ही गटांचा रक्तदाब आणि ठोक्यांमधील अंतर काही आठवडे नोंदवावे, आणि कोणता साधक कोणत्या गटात आहे हे मोजणी करणाऱ्याला सर्व नोंदी बंद होईपर्यंत कळू देऊ नये.