लोकल रनरची एन्व्ह फाइल आणि युनिट टेस्टचं एन्व्हायरनमेंट, हे दोन वेगळे प्रकार आहेत

सर्व्हरलेस फंक्शन, म्हणजे क्लाउडवर गरजेपुरता चालणारा कोड, लोकल रनरने (आपल्याच मशीनवर तो चालवून बघायच्या टूलने) सुरू केलं की व्यवस्थित चालतं, आणि त्याच फोल्डरमधून युनिट टेस्ट रन केली की पहिल्याच ओळीला आपटतं. पायथॉन असेल तर कीएरर, नोड असेल तर कुठेतरी आत खोलवर अनडिफाइंड. कारण एन्व्हायरनमेंट व्हेरिएबल, म्हणजे टेबलचं नाव, की अशा कोडबाहेरून मिळणाऱ्या व्हॅल्यू, तिथे नसतातच. मग माणूस त्या ज्यात लिहिल्यात त्या एन्व्ह फाइलचा पाथ तपासत बसतो. पाथ बरोबरच असतो हो, पण ती फाइल वाचणारं टूलच टेस्टच्या वेळी चालू नसतं.

अ‍ॅझ्युअर फंक्शन्सची लोकल डॉट सेटिंग्ज डॉट जेसन बघा. त्यातल्या व्हॅल्यूज सेक्शनमधलं सगळं कोअर टूल्स हा अ‍ॅझ्युअरचा लोकल रनर वाचतो, म्हणजे तुम्ही फंक स्टार्ट दिलं की. अ‍ॅमेझॉनच्या लॅम्डाला सॅम या टूलचं सॅम लोकल इनव्होक असतं, त्याला एन्व्ह-व्हार्स ऑप्शनने एक जेसन फाइल देता येते आणि फंक्शन डॉकर कंटेनरमध्ये चालतं. इथे अजून एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते, ती म्हणजे ज्या व्हेरिएबलचं नाव टेम्प्लेटमध्येच (फंक्शनची रचना लिहिलेल्या सॅमच्या फाइलमध्ये) नाही ते त्या जेसनमध्ये कितीही नीट लिहा, फंक्शनपर्यंत पोचत नाही.

युनिट टेस्टमध्ये यातलं काहीच नसतं. पायटेस्ट (पायथॉनचं टेस्ट टूल) किंवा जेस्ट (नोडचं) ही साधी प्रोसेस, तिला तुमच्या शेलमध्ये जे एक्सपोर्ट केलेलं असेल तेवढंच मिळतं, आणि हँडलर, म्हणजे रिक्वेस्ट आली की क्लाउड जे फंक्शन बोलावतं ते, तिच्यासाठी फक्त एक फंक्शन कॉल. त्यामुळे व्हॅल्यू भरायचं काम टेस्टचं.

आता इथे बरेच जण सोपा मार्ग काढतात, टेस्टमध्येच डॉटएन्व्ह या लायब्ररीने खरी एन्व्ह फाइल लोड करून टाकतात. प्लीज नका करू हे. ती फाइल गिटइग्नोरमध्ये असते, रेपोमध्ये जातच नाही, म्हणजे तुमच्याकडे टेस्ट पास आणि सीआयवर (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) फेल, त्यात डॉटएन्व्ह आधीपासून सेट असलेल्या व्हॅल्यूला बाय डिफॉल्ट हात लावत नाही त्यामुळे शेलमध्ये जुनं काही पडलेलं असेल तर तेच जिंकतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यात खऱ्या टेबलचं नाव आणि खरी क्रेडेन्शियल्स असली आणि एखादा मॉक (खऱ्या सर्व्हिसच्या जागी खोटी) लावायचा राहिला तर टेस्ट सरळ खऱ्या डेटावर लिहून मोकळी. टेस्टमधल्या व्हॅल्यू बघताक्षणी खोट्या वाटल्या पाहिजेत, 'टेस्ट-टेबल', 'डमी-की' अशा, आणि त्या रेपोमध्ये कमिट केलेल्या असाव्यात.

बरं, व्हॅल्यू सेट केली तरी कधी केली यावर खूप काही अवलंबून आहे. समजा हँडलरच्या फाइलमध्ये सगळ्यात वर, फंक्शनच्या बाहेर, टेबलचं नाव ओएस डॉट एन्व्हायरनमधून घेतलंय. ती ओळ इम्पोर्ट होतानाच चालते. तुम्ही टेस्टच्या आत पायटेस्टच्या मंकीपॅचमधल्या सेटएन्व्हने व्हॅल्यू दिलीत तोवर गाडी निघून गेलेली असते. आणि ती ओळ तिथे असण्यात चूक काही नाही बरं का, कोल्ड स्टार्टला (फंक्शन नव्याने उभं राहताना) एकदाच वाचायचं आणि वॉर्म कॉलला (आधीच उभं असताना) तेच वापरायचं ही लॅम्डामधली चांगलीच सवय आहे, तेव्हा टेस्टसाठी ती मोडू नका. सगळ्या टेस्टना चालतील अशा व्हॅल्यू कॉनफटेस्ट फाइलच्या अगदी वर सेट करा, कारण पायटेस्ट ती फाइल टेस्ट फाइल्सच्या आधी इम्पोर्ट करतो. जेस्टमध्ये हेच काम सेटअपफाइल्स या सेटिंगमध्ये दिलेल्या फाइलमध्ये. तिथे टेस्ट फाइलमध्ये इम्पोर्टच्या वर प्रोसेस डॉट एन्व्ह लिहून भागत नाही, इम्पोर्ट आधी चालतात, ओळ वर असली तरी. एखाद्या टेस्टला वेगळी व्हॅल्यू हवी असेल तर रीसेटमॉड्यूल्स करून हँडलर नव्याने रिक्वायर करायचा.

नोडवाल्यांनी अजून एक जपा. प्रोसेस डॉट एन्व्हमध्ये सगळं स्ट्रिंग होतं, अनडिफाइंड असाइन केलंत तर 'अनडिफाइंड' नावाची चक्क स्ट्रिंग बसते आणि 'फॉल्स' ही स्ट्रिंग इफमध्ये खरी ठरते, म्हणून काढायचं असेल तर डिलीटच वापरा. शिवाय बदललेली व्हॅल्यू त्याच फाइलमधल्या पुढच्या टेस्टला तशीच मिळते, आफ्टरइचमध्ये परत पूर्ववत करावी लागते. पायटेस्टचा मंकीपॅच हे स्वतःहून करतो, म्हणून मला तो थेट ओएस डॉट एन्व्हायरन बदलण्यापेक्षा कधीही बरा वाटतो. त्याच्या डेलएन्व्हने व्हेरिएबल काढून 'हे नसेल तर एरर नीट येते का' अशी एक टेस्ट तरी नक्की ठेवा.

मग रनरची फाइल लागते कशाला? कोडमध्ये 'टेबल_नेम' आणि टेम्प्लेटमध्ये 'टेबलनेम' असं झालं तर युनिट टेस्टला ते कधीच कळणार नाही, कारण टेस्ट कोडमधलंच नाव सेट करते आणि खुशाल पास होते. सॅम लोकल इनव्होक मात्र टेम्प्लेट वाचतं, तिथे हा गोंधळ पहिल्याच कॉलला बाहेर येतो.