शाळेतला पर्जन्यमापक आणि सकाळचे साडेआठ

शाळेत पाऊस मोजायचा म्हटलं की शीतपेयाची बाटली कापायची, वरचा भाग उलटा बसवायचा आणि अंगावर मोजपट्टी चिकटवायची, असा रिवाज आहे. प्रदर्शनात ते छान दिसतं, पण रोजच्या नोंदींना फारसं उपयोगाचं नाही. बाटलीचा तळ पाकळ्यांसारखा खोलगट असतो आणि अंगाचा घेरही सगळीकडे सारखा नसतो. त्यामुळे पट्टीवरचा प्रत्येक मिलिमीटर म्हणजे तेवढाच पाऊस, असं धरता येत नाही.

त्यापेक्षा बाटलीवर नरसाळं ठेवून पाणी साठवावं आणि प्रयोगशाळेतल्या मोजपात्रात ओतून मोजावं. 1 मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर 1 लिटर पाणी. नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास 11.3 सेमी असेल, तर क्षेत्रफळ जवळजवळ 100 चौ. सेमी भरतं आणि 10 मिली पाणी म्हणजे सरळ 1 मिमी पाऊस. तसं नरसाळं मिळालं नाही तरी बिघडत नाही. पाणी मिलीमध्ये मोजा, 10ने गुणा आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागा. 10 सेमी व्यासाला क्षेत्रफळ 78.5 चौ. सेमी येतं, म्हणजे 157 मिली पाणी साठलं तर पाऊस 20 मिमी. बाजारातली प्लॅस्टिकची नरसाळी बरेचदा पूर्ण गोल नसतात, म्हणून व्यास दोन-तीन दिशांनी मोजून सरासरी घ्यावी. व्यासात 2 मिमीची चूक झाली तर पावसाळ्यातली प्रत्येक नोंद सुमारे 4 टक्क्यांनी चुकते.

नरसाळं नुसतंच बाटलीत खोचलं की त्याच्या बाहेरच्या अंगावरून ओघळणारं पाणीही बाटलीत उतरतं आणि पाऊस फुगतो. यावर उपाय म्हणजे चार इंची पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा. खालून टोपण घट्ट चिकटवायचं, आत एक लिटरची बाटली उभी करायची आणि नरसाळं पाइपच्या काठावर टेकवायचं. नळी बाटलीच्या तोंडात खोलवर गेली पाहिजे. त्याने बाष्पीभवनही कमी होतं. 11.3 सेमीच्या नरसाळ्याला ही बाटली 100 मिमीपर्यंत पुरते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर एका रात्रीत त्याहून जास्त पडू शकतो. तेव्हा उतू गेलेलं पाणी पाइपमध्ये साठतं; तेही मोजून बेरजेत धरायचं. पाइप थोडा जमिनीत पुरून नरसाळ्याचा काठ 30 सेमी उंचीवर ठेवावा आणि पाणसळ लावून आडवा करावा. फरशीवर ठेवला तर आपटून उडालेले थेंब आत जातात, गच्चीवर ठेवला तर वाऱ्यामुळे पाऊस कमी भरतो. सहा मीटर उंच इमारतीपासून निदान 12 मीटर लांब, गवतावरची मोकळी जागा चांगली. कडुनिंबाखाली नकोच, पानांनी नळी तुंबते.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी 8:30ला संपतो. 10 जुलैला 8:30 वाजता मोजलेला पाऊस 10 तारखेलाच लिहायचा, भले त्यातला बहुतेक आदल्या संध्याकाळी पडलेला असो. मुंबईचा 26 जुलै 2005चा पाऊस म्हणून सांगितला जाणारा सांताक्रूझचा 944 मिमी हा आकडा 27 जुलैच्या सकाळी 8:30ला संपलेल्या 24 तासांचा आहे. शाळा अकराला भरत असेल, तर जवळ राहणाऱ्या मुलांवर हे काम सोपवावं. तेही जमत नसेल तर रोज अकराला मोजा आणि वहीत वेळ लिहा, मात्र त्या आकड्याची खात्याच्या आकड्याशी तुलना करू नका. मोजपात्र सपाट टेबलावर ठेवून, डोळा पाण्याच्या पातळीला आणून, वक्र पृष्ठभागाचा तळ वाचायचा.

नोंदवहीत सगळ्यात जास्त घोळ होतो तो शून्याचा. पाऊस पडला नाही तर 0 लिहायचा. मोजलंच नाही तर रकाना मोकळा न सोडता ‘नोंद नाही’ असं लिहायचं. 1995पासून जगभरच्या शाळांकडून मोजमापं गोळा करणाऱ्या ‘ग्लोब’ उपक्रमातही या दोन गोष्टींना वेगळ्या खुणा आहेत, आणि 0.5 मिमीहून कमी पावसाला तिसरी. रविवारी कुणी आलं नाही, तर सोमवारी जमलेलं पाणी ‘दोन दिवसांची बेरीज’ म्हणून लिहायचं. त्याचे दोन समान भाग करणं म्हणजे आकडे बनवणंच.

महिनाभराच्या नोंदी झाल्या की आपल्या महसूल मंडळाच्या पावसाशी ताडून बघाव्यात. मंडळात 24 तासांत 65 मिमीहून जास्त पाऊस झाला की महाराष्ट्रात अतिवृष्टी धरतात, आणि पिकांच्या नुकसानभरपाईत तो आकडा कळीचा ठरतो. पण मंडळात अनेक गावं असतात आणि वळवाचा पाऊस दोन-तीन किलोमीटरवरही वेगळा पडतो. म्हणून एखाद्या दिवशी आकडे जुळले नाहीत तर लगेच वही खोडू नये. फरक रोज एकाच बाजूला, एकाच प्रमाणात येत असेल, तर मात्र आधी नरसाळ्याचा व्यास पुन्हा मोजावा.