मे महिन्यातली लगनसराई: 'कूरोस' की 'द्राकार न्वार'?

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आगेमागे खान्देशात लग्नांचा धडाका असतो, आणि नेमका तेव्हाच जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर. बस्त्यासोबत सेंटही घ्यायचा असेल आणि आवड जुन्या धाटणीची, दणकट असेल, तर दोन नावं हमखास निघतात: ईव्ह सँ लोराँचं 'कूरोस' (१९८१) आणि गी लारोशचं 'द्राकार न्वार' (१९८२). दुकानदार एसीत कागदाची पट्टी हुंगायला देतो. तिच्यावर विसंबू नका.

वास येतो तो उडून नाकात शिरलेल्या रेणूंचा. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं उडणं ढोबळमानाने दुप्पट होतं. दुकानात २४ अंश, मनगटावर ३३-३५, आणि उन्हात तापलेल्या सदऱ्यावर त्याहून जास्त. लिंबू-संत्र्याच्या सालीतलं लिमोनिन नवरदेव मारुतीच्या पाया पडून येईपर्यंत उडून गेलेलं असतं. मांडवात उरतात ते जड, चिवट रेणू. निवड त्यांचीच करायची.

दोन्हींचा सांगाडा एकच, सुगंधांच्या 'फुजेर' घराण्याचा: लॅव्हेंडर, झाडावरच्या दगडफुलासारखी ओकमॉस आणि सुकल्या गवतासारखं गोडसर कुमारिन. विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये कुमारिन प्रयोगशाळेत बनवलं आणि १८८२ च्या 'फुजेर रॉयाल'ने ते अत्तरात आणलं.

'द्राकार न्वार'ची ओळख म्हणजे डायहायड्रोमिर्सेनॉल. टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून बनणारा हा रेणू साबण-सोड्यात टिकतो, म्हणून धुण्याच्या पावडरीतही घालतात. हा सेंट हुंगून कुणाला नुकते धुतलेले कपडे आठवले, तर नाक बरोबर सांगतंय.

'कूरोस'चं प्रकरण वेगळं. मधाचा गोडवा आणि त्याखाली जवादी मांजराची आठवण देणारा उग्र, जनावरी दर्प. जवादीच्या स्रावात सिवेटोन असतं (रेणुभार २५०, लिमोनिनच्या जवळपास दुप्पट) आणि शेणामुताच्या वासाचं स्कॅटोलही. नाक मुरडू नका. स्कॅटोलचा भाऊबंद इंडोल मोगऱ्याच्या गजऱ्यातही असतो. अल्प मात्रेत भुरळ, जास्त झालं की दुर्गंधी. उष्णता ती मात्राच वाढवते, वर घामाचा वास मिसळतो. मेच्या पंगतीत 'कूरोस' लावून बसणं मला तरी शेजाऱ्यावर अन्याय वाटतो. तिथे 'द्राकार न्वार' बरा. डिसेंबरात शेतावर भरीत पार्टी असेल, तर मात्र 'कूरोस'चा एकच फवारा, तोही सदऱ्याच्या आत.

पारख करायची तर एकेका मनगटावर एकेक लावा, बाहेर पडा आणि तीन-चार तासांनी हुंगा. नाक थकलं तर मोकळी हवा घ्या. नाक ताजं करायला हुंगतात त्या कॉफीच्या बिया तिच्याहून सरस असल्याचं प्रयोगात दिसलेलं नाही.

आणि वडिलांच्या कपाटातल्या बाटलीशी नवी ताडून पाहू नका. ओकमॉसमधली अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल ही द्रव्यं त्वचेला अ‍ॅलर्जी करतात, म्हणून युरोपीय संघाने २०१७ मध्ये त्यांच्यावर बंदीचा नियम केला. जुन्या फुजेरांना आपली कृती त्याप्रमाणे बदलावी लागली.